तीन वर्षं राहणार ना?

२०२२च्या जूनमध्ये मी एका विद्यापीठात संशोधन सहायकाच्या जागेसाठी मुलाखत द्यायला गेलो होतो. जागा एक, उमेदवार चौदा. ती जागा मला मिळाली. त्यात माझ्या अभ्यासाचा वाटा होता, गेटच्या स्कोअरचा होता आणि एका खोट्या उत्तराचा होता. पहिल्या दोन गोष्टी माझ्या बायोडेटात आहेत. हा लेख तिसरीबद्दल आहे.

या जागा कशा असतात हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एखाद्या प्राध्यापकाला सरकारी खात्याकडून संशोधन प्रकल्प मिळतो, बहुतेक वेळा तीन वर्षांचा. त्या पैशांत उपकरणं असतात, प्रवास असतो आणि एका-दोघा सहायकांचं मानधन असतं. नेट किंवा गेट झालेल्या एमएस्सीवाल्याला तेव्हा महिन्याला ३१,००० रुपये आणि वर घरभाडं मिळायचं. २०२३च्या जूनमध्ये त्याचे ३७,००० झाले, जानेवारीपासून लागू. कागदावर नाव ज्युनिअर रिसर्च फेलो, विभागातल्या बोलण्यात ‘प्रोजेक्टचा मुलगा’. जाहिरातीच्या शेवटी अटी असतात आणि त्या जवळपास सगळीकडे सारख्याच. नेमणूक पूर्णपणे तात्पुरती. प्रकल्प संपला की जागा संपली. केव्हाही सेवा समाप्त करता येईल. कायम नोकरीवर हक्क सांगता येणार नाही. मुलाखतीला येण्याजाण्याचा खर्च मिळणार नाही.

मी रात्रीच्या एसटीनं लातूरहून निघालो आणि सकाळी स्टँडवरच तोंड धुऊन नऊच्या आधी विभागात पोचलो. लांब व्हरांडा, काचेच्या कपाटांत दगडांचे नमुने, भिंतीला टेकून दोन बाक. एका टेबलावर क्लार्क कागदपत्रं तपासत होते. माझ्याकडे शेवटच्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स नव्हती. मूळ प्रत होती, झेरॉक्स नव्हती. ‘झेरॉक्सशिवाय नाव लागणार नाही,’ क्लार्क म्हणाले आणि पुढच्याची फाइल घेतली.

बाकावर बसलेली एक मुलगी म्हणाली, ‘गेटबाहेर उजव्या हाताला दुकान आहे. मी आत्ताच तिथून आले. जा तुम्ही, बॅग राहू द्या इथंच. नंबर मी बघते.’

मी धावत गेलो आणि आलो. तोवर तिनं क्लार्कना सांगून तिच्या नावाखाली माझं नाव लिहायला लावलं होतं. ती सहा नंबर, मी सात.

मुलाखती अकराला सुरू होणार होत्या, सुरू झाल्या पावणेबाराला. तेवढ्या वेळात आमचं बोलणं झालं. ती वर्ध्याहून आली होती. एमएस्सीच्या प्रबंधासाठी तिनं गावाकडच्या अकरा विहिरींची पाणीपातळी वर्षभर, दर महिन्याला मोजली होती. स्वतःच्या स्कूटीवर, स्वतःच्या पेट्रोलनं. माझा प्रबंध उपग्रहाच्या चित्रांवर होता आणि तो मी लॅबमध्ये पंख्याखाली बसून केला होता. प्रकल्प होता भूजलाचा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात अठ्ठेचाळीस विहिरी तीन वर्षं दर महिन्याला मोजायच्या होत्या. ही जागा कोणासाठी आहे हे मला त्या बाकावरच कळलं होतं.

ती आत गेली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर आली. मी विचारलं, ‘काय काय विचारलं?’ ती बाटलीतलं पाणी प्यायली आणि तिनं एकेक प्रश्न क्रमानं सांगितला. काहीही हातचं राखून न ठेवता. मग म्हणाली, ‘आणि शेवटी विचारतात, दुसरीकडे कुठे अर्ज केलाय का, तीन वर्षं राहणार ना. मी सांगून टाकलं, एका ठिकाणी पीएचडीचा इंटरव्ह्यू दिलाय, ऑगस्टमध्ये कळेल. झालं तर जावं लागेल.’

‘मग काय म्हणाले?’

‘काही नाही. बरं म्हणाले आणि लिहून घेतलं.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘खोटं कशाला बोलायचं? नंतर त्यांचाच खोळंबा होतो ना.’

तेवढ्यात शिपाईमामांनी दार उघडून सात नंबर पुकारला. बाकापासून दारापर्यंत बारा-पंधरा पावलं असतील. तेवढ्यात माझं उत्तर ठरलं.

आत चारजण होते. बेसॉल्टमध्ये पाणी कुठे साठतं, हा पहिला प्रश्न. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आपला हा काळा दगड स्पंजासारखा नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, भेगांमध्ये आणि ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र थरात. मग स्पेसिफिक यील्ड. विहिरीची पातळी पावसाळ्यात एक मीटर वर आली तर जमिनीत किती पाणी मुरलं? खडकाचा हा आकडा दोन टक्के धरला तर एक मीटरचे जेमतेम दोन सेंटीमीटर होतात. या उत्तरात मी दोनदा अडखळलो. मग शेवटचा प्रश्न आला.

‘दुसरीकडे कुठे अर्ज केलाय?’

‘नाही सर.’

‘तीन वर्षं राहणार ना?’

‘हो सर. मला पीएचडी इथेच करायची आहे.’

पंधराच दिवसांपूर्वी मी एका आयआयटीत पीएचडीची मुलाखत देऊन आलो होतो. यादी जुलैत लागणार होती. खोटं बोलताना घाम फुटतो म्हणतात. मला फुटला नाही. त्या अर्ध्या तासात मी जे काही बोललो त्यातलं सर्वांत सफाईदार वाक्य तेच होतं.

बाहेर आलो तर ती अजून बाकावरच होती. तिची गाडी संध्याकाळी होती.

‘विचारलं का शेवटचं?’

‘हो.’

‘काय सांगितलं?’

‘जे आहे ते,’ मी म्हणालो.

‘बरं केलं,’ ती म्हणाली.

आठवड्याभरात यादी लागली. निवड : माझं नाव. प्रतीक्षा यादी क्रमांक एक : तिचं.

*

माणूस चूक करतो तेव्हा त्याच्या बचावाचा वकील त्याच्याच डोक्यात तयार असतो. माझा वकील बरा शिकलेला होता.

त्याचा पहिला मुद्दा असा. समितीला हा प्रश्न विचारायचा अधिकारच काय? जाहिरातीत तुम्हीच लिहिता की केव्हाही काढून टाकू. म्हणजे तुमच्या बाजूनं एका महिन्याचंही वचन नाही आणि माझ्याकडून मात्र तीन वर्षांचं वचन हवं. हा करार नव्हे. मग अशा माणसाला खरं सांगण्याचं कर्तव्य माझ्यावर कुठून येतं?

हा युक्तिवाद जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या बेंजामिन कॉन्स्टंट यांनी तो मांडला होता : खरं बोलणं हे कर्तव्य आहे, पण ज्याला ते सत्य ऐकण्याचा हक्क आहे त्याच्यापुरतंच. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९७ मध्ये त्याला उत्तर दिलं. त्यातलं उदाहरण पुढे फार गाजलं. तुमचा मित्र तुमच्या घरात लपला आहे. त्याचा खून करायला आलेला माणूस दारात उभा राहून विचारतो, तो आत आहे का? कांट म्हणतात, त्यालाही खोटं सांगू नये. हे वाचून बहुतेकांना कांट यांचा राग येतो. मलाही आला होता.

आपल्याकडे हीच गोष्ट महाभारतात आहे, कर्णपर्वात, आणि तिचा निकाल उलटा आहे. कौशिक नावाचा एक तपस्वी असतो. कायम खरंच बोलायचं असं त्याचं व्रत. चोर पाठीशी लागलेली काही माणसं त्याच्यासमोरून पळत जाऊन झाडीत लपतात. चोर येऊन विचारतात, कौशिक खरं सांगतो, माणसं मारली जातात. आणि कृष्ण अर्जुनाला सांगतो की त्या सत्यापायी कौशिक नरकात गेला. सत्य हा धर्म खरा, पण कोणत्या सत्यानं कोणाचं काय होणार, हे न बघता ते बोलणं हा धर्म नव्हे.

मी बरेच दिवस कॉन्स्टंट आणि कृष्ण या दोघांच्या मागे लपलो. कठोर कांट एकटा एका बाजूला आणि आम्ही तिघं समजूतदार दुसऱ्या बाजूला. मग एकदा पुन्हा त्या गोष्टी नीट आठवल्या आणि लक्षात आलं की दोन्हींत माणसं दोन नाहीत, तीन आहेत. विचारणारा, उत्तर देणारा आणि लपलेला. खोटं बोलायची मुभा आहे ती त्या लपलेल्या तिसऱ्या माणसासाठी. त्याचा जीव वाचावा म्हणून.

माझ्याही गोष्टीत तिसरं माणूस होतं. ते झाडीत लपलेलं नव्हतं, बाहेर बाकावर बसलेलं होतं. माझ्या खोट्यानं ते वाचलं नाही, त्याचं नुकसान झालं. कृष्णाची कसोटी लावायची तर उत्तर कोणावर जाऊन आदळतं ते बघायचं. ते समितीवर आदळलं नाही. समितीला एक सहायक हवा होता, तो मिळाला. खोटं मी समितीशी बोललो, पण फसवलं तिला. आणि वर ‘जे आहे ते’ हे ‘नरो वा कुंजरो वा’ तिच्याच तोंडावर बोललो. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या एका वाक्यानंतर खाली टेकला असं म्हणतात. माझ्याकडे रथ नव्हता. मी एसटीनंच आलो होतो, एसटीनंच गेलो.

वकिलाचा दुसरा मुद्दा : सगळेच खोटं बोलतात. मुलाखत हा एक खेळ आहे. ‘तुमचा दोष कोणता’ या प्रश्नाला ‘मी फार बारकाईनं काम करतो’ असं उत्तर द्यायचं असतं, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं. खेळाचे नियम सगळ्यांना माहीत असतील तर फसवणूक कुठली?

मुद्दा चांगला आहे. चौदाच्या चौदा जणांनी ‘हो सर, तीन वर्षं’ म्हटलं असतं तर त्या प्रश्नाचं वजन शून्य झालं असतं आणि कोणाचंच बिघडलं नसतं. पण ‘सगळेच’ या शब्दाला एक अपवाद होता. आणि तो अपवाद मला माहीत होता, कारण तीन मिनिटांपूर्वी तिनं स्वतः मला तो सांगितला होता. तिनं प्रश्न सांगितला नसता तर मी कदाचित गडबडून खरं बोलून गेलो असतो. म्हणजे ज्या हत्यारानं मी तिला मागे टाकलं ते तिनंच माझ्या हातात दिलं होतं, झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्त्याबरोबर.

*

तिसरा मुद्दा वकिलाला नंतर सापडला आणि तो सर्वांत चलाख आहे.

जुलैत आयआयटीची यादी लागली. माझं नाव नव्हतं. मी इथेच राहिलो. तीन वर्षं, पूर्ण. पीएचडीची नोंदणीही इथेच केली. म्हणजे मुलाखतीत जे बोललो होतो, ते अक्षरशः खरं झालं. सरांच्या दृष्टीनं मी शब्द पाळणारा मुलगा आहे. मग खोटं राहिलं कुठे?

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये ‘नैतिक नशीब’ या कल्पनेवर लिहिलं. साध्या शब्दांत असं : दोन ड्रायव्हर सारख्याच बेफिकिरीनं गाडी चालवतात. एकाच्या गाडीसमोर पोर येतं, दुसऱ्याच्या येत नाही. दोघांनी केलं तेच, पण एक आयुष्यभर गुन्हेगार ठरतो आणि दुसरा जेवायच्या वेळेला घरी पोचतो. आपण माणसाला त्याच्या कृत्यावरून तोलतो असं म्हणतो, पण पारड्यात नशिबाचं वजनही गुपचूप पडलेलं असतं.

मी तो दुसरा ड्रायव्हर आहे. माझं नाव त्या यादीत असतं तर ऑगस्टमध्ये मी राजीनामा दिला असता, सरांनी मला खोटारडा म्हटलं असतं आणि ते बरोबर असतं. नाव नव्हतं म्हणून मी निष्ठावान ठरलो. माझी निष्ठा कुठल्यातरी दुसऱ्या समितीनं मला नापास करून तयार केली. ‘राहीन’ हे खरं झालं हे मान्य. पण ‘दुसरीकडे अर्ज केलेला नाही’ हे कधीच खरं होणार नाही, कितीही वर्षं राहिलो तरी. भविष्याबद्दलचं वाक्य नशिबानं खरं ठरू शकतं. मागचं वाक्य ठरू शकत नाही.

आणि सरांचा तो प्रश्न मुळात वाईट होता का? मी आधी तसं मानत होतो. काम सुरू केल्यावर मत बदललं. केंद्रीय भूजल मंडळ देशभरातल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतं. आमचा प्रकल्प महिन्यामहिन्याचा बदल बघण्यासाठी होता. म्हणजे त्याची सगळी किंमत सलगतेत होती. आधीच्या प्रकल्पातला मुलगा आठव्या महिन्यात सोडून गेला, नवा माणूस नेमेपर्यंत अख्खा हिवाळा गेला, आणि त्या तक्त्यातली ती रिकामी जागा सर मला अजून दाखवतात. गेलेला महिना परत मोजता येत नाही. पाणी थांबत नाही. तेव्हा ‘राहणार ना?’ हा लहर म्हणून विचारलेला प्रश्न नव्हता. सत्य ऐकण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. कॉन्स्टंटही माझ्या बाजूनं उरले नाहीत.

*

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही फील्डवर एका टपरीवर चहा पीत होतो. सर खुशीत होते. बोलता बोलता म्हणाले, ‘तुला सांगतो, तुझ्या वेळी एक मुलगी होती. विहिरींचं काम तिला तुझ्यापेक्षा चांगलं येत होतं. पण ती जाणार होती. मी समितीला म्हटलं, थोडं कमी येत असलं तरी चालेल, टिकणारा मुलगा घेऊ. बघ, बरोबर निघालं की नाही?’

त्यांनी ते माझं कौतुक म्हणून सांगितलं होतं. मी ग्लासात बघत ‘हो सर’ म्हटलं. माझ्या त्या वाक्यानं निकाल फिरला असेल की नाही, ही जी थोडी शंका मी दोन वर्षं जपून ठेवली होती, ती त्या दिवशी संपली.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. बाहेरून बघणाऱ्याला ती क्षुल्लक वाटेल. विहीर मोजायची म्हणजे कठड्यावर रंगानं खूण केलेल्या ठिकाणाहून साउंडरची पट्टी खाली सोडायची. टोक पाण्याला लागलं की आवाज होतो, मग आकडा वाचायचा. पण त्याआधी काही तास मोटर बंद असली पाहिजे. मोटर चालू असेल तर पाणी ओढलं गेलेलं असतं आणि मिळतो तो आकडा खरा नसतो. मे महिन्यात लाइट रात्री-अपरात्री येते. लाइट आली की शेतकरी मोटर चालू करतो. त्याच्या उभ्या पिकाला मी ‘थांब’ म्हणू शकत नाही. त्या फेरीत तीन विहिरींवर मोटर चालू होती आणि परत यायला गाडीत डिझेल नव्हतं.

अशा वेळी काय करतात हे फील्डवरच्या कोणालाही विचारा. एप्रिलचा आकडा असतो. आजूबाजूच्या विहिरी किती उतरल्या ते माहीत असतं. अंदाजानं आकडा भरायचा. कोणाला कळत नाही. पण हिशोब बघा : एका मीटरची चूक, दोन टक्क्यांनी दोन सेंटीमीटर, एका चौरस किलोमीटरवर दोन कोटी लिटर. जमिनीत नसलेलं दोन कोटी लिटर पाणी मी पेनानं तयार करू शकत होतो.

मी तीन रकान्यांत लिहिलं, ‘मोटर चालू होती. मोजलं नाही.’ सर थोडे वैतागले. पण तो तक्ता तसाच गेला.

मी हे स्वतःच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून सांगत नाही. त्या कठड्यावर उभं असताना मला वेगळंच काही सुचलं, म्हणून सांगतोय. या जागेसाठी लागणारा मुख्य गुण कोणता? पट्टी सोडता येणं तासाभरात शिकवता येतं. स्पेसिफिक यील्ड पुस्तकात आहे. लागतं ते एवढंच की कोणी बघत नसताना, भर उन्हात, जे आहे ते लिहिणारा माणूस. स्वतःला महागात पडत असतानाही खरं सांगणारा. आणि असा माणूस नेमण्यासाठी आम्ही काय केलं? असा प्रश्न विचारला की ज्याचं खरं उत्तर दिलं तर जागा जाते. चौदातल्या ज्यांनी खोटं सांगितलं ते सगळे त्या चाळणीतून आरामात खाली उतरले. वर अडकली फक्त ती.

तो प्रश्न टिकणारा माणूस शोधत नव्हता. तो खरं बोलणारा माणूस बाहेर काढत होता. नंतर तिनं अकरा महिन्यांत काम सोडलं असतं कदाचित. पण तिनं ते दोन महिने आधी सांगितलं असतं आणि नव्या माणसाला विहिरी दाखवून गेली असती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तिला सरांच्या खोळंब्याची काळजी त्या बाकावरच होती.

*

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पहिला प्रकल्प संपला आणि सरांना नवा मिळाला. पुन्हा जाहिरात, पुन्हा पीडीएफ, त्याच अटी. सरांनी मला प्रश्नांची यादी काढायला सांगितली. मी यादी घेऊन त्यांच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, ‘सर, तो तीन वर्षांचा प्रश्न काढूया का?’

‘का रे?’

‘त्याचं खरं उत्तर कोण देतं?’

‘कोणीच नाही,’ सर हसले. ‘सगळेच हो म्हणतात. पण विचारावं लागतं.’

‘एकीनं दिलं होतं, सर. माझ्या वेळी. दुसऱ्या नंबरवर होती ती.’

सर माझ्याकडे बघत राहिले. मग मी उरलेलंही सांगितलं. आयआयटीचं, यादीचं, ‘नाही सर’चं. झेरॉक्सचं सांगितलं नाही. ते तिचं आणि माझं होतं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्ही झालं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, ‘मग आता काय विचारू म्हणतोस?’

आम्ही बराच वेळ बसलो. शेवटी ठरलं ते असं : ‘जाणार का’ हे विचारायचं नाही. आधी आपण सांगायचं की पीएचडी, नोकरी, परीक्षा, सगळं चालू ठेवा, त्यावरून निवड होणार नाही. जायची वेळ आली तर दोन महिने आधी सांगा. आणि विचारायचं एवढंच, काम अर्ध्यात सोडावं लागलं तर पुढच्या माणसाच्या हातात ते कसं द्याल? प्रत्येक विहिरीचा फोटो, रस्ता, खूण कुठे आहे आणि शेतकऱ्याचा फोन नंबर यांची वही आम्ही खरंतर पहिल्याच वर्षी करायला हवी होती. ती आता केली. माणूस टिकेल या भरवशावर काम उभं करण्यापेक्षा माणूस गेला तरी टिकेल असं काम उभं करणं, हे विचारणाऱ्याचं कर्तव्य आहे असं मला वाटतं. ज्याच्या हातात जागा आहे त्यानं समोरच्यासाठी सत्य इतकं महाग करून ठेवू नये.

पण म्हणून माझं खोटं स्वस्त होत नाही. प्रश्न चुकीचा होता हे खरं. तोच प्रश्न तिलाही विचारला होता, हेही तितकंच खरं. तिचं नाव मला माहीत आहे, आजच्या काळात शोधणं अवघड नाही. मी शोधलेलं नाही. माफी मागावी असं अनेकदा वाटलं. पण तिनं मला एकदा नंबर दिला, एकदा प्रश्न दिला. आता तिच्याकडे माफीही मागायला जायचं, म्हणजे तिसऱ्यांदा काहीतरी मागायचंच. की हासुद्धा माझ्या वकिलाचाच मुद्दा आहे? ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेर टेबलावर कागदपत्रं तपासायला बसलो होतो. बाक तेच. दाराआडून आतलं बोलणं थोडंफार ऐकू येत होतं. पहिला मुलगा आत गेला. सरांनी ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं, निवड त्यावरून होणार नाही हेही सांगितलं, आणि विचारलं, काम अर्ध्यात सोडावं लागलं तर कसं सोपवाल?

‘सर, मी कुठेही जाणार नाही,’ तो म्हणाला. ‘मला पीएचडी इथेच करायची आहे.’

तो बाहेर आला तेव्हा बाकावरच्या पुढच्या मुलीनं त्याला विचारलं, काय काय विचारलं? तो क्षणभर थांबला. मग तिच्या शेजारी बसला आणि हळू आवाजात सांगू लागला. मी मान खाली घालून गुणपत्रिका तपासत राहिलो. एकीची झेरॉक्स नव्हती. मी तिला म्हटलं, गेटबाहेर उजव्या हाताला दुकान आहे, जाऊन या, तोवर तुमचं नाव मी लिहून ठेवतो.